अंतर्यामी आणि सासऱ्यांचं तिकीट

मॅन्युअलच्या चौथ्या प्रकरणातलं एक उदाहरण बदलायचं, एवढंच मी ठरवलं होतं. लोक घर बदलतात, नोकरी बदलतात, कोणी कोणी तर ऐन पन्नाशीत भांग पाडायची बाजू बदलतात आणि सुखात राहतात. मी एक उदाहरण बदललं आणि माझ्या सासऱ्यांवर बॅग भरायची पाळी आणली.

आधी माझ्या कामाबद्दल सांगतो. (घरी कोणी विचारत नाही, म्हणून इथे सांगून घेतो.) आमचं ऑफिस एक सॉफ्टवेअर बनवतं. नाव अंतर्यामी. कोणी काय पाहिलं, कोणी काय ऐकलं, हे त्याला सांगायचं. मग कोणाला काय वाटतंय, आणि त्याला ते वाटतंय हे दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे, हे ते तर्कानं काढून देतं. गोदामात माल वाहणाऱ्या यंत्रगाड्यांना ह्याची फार गरज लागते. पुढची वाट बंद आहे हे एका गाडीला कळलेलं असतं, पण दुसरीला ते कळलंय की नाही हे पहिलीला कळत नाही, आणि मग दोघी एकमेकींना 'आधी तुम्ही' म्हणत दिवसभर उभ्या राहतात.

ते सॉफ्टवेअर मी बनवत नाही. ते बनवणारे हुशार लोक वरच्या मजल्यावर बसतात. मी खाली बसून मॅन्युअल लिहितो. (मला समजलं तर कोणालाही समजेल, ह्या तत्त्वावर माझी नेमणूक झालेली आहे.) आमचे साहेब प्रत्येक वाक्याची सुरुवात 'गृहीत धरू की' अशी करतात. चहा हवा असला तरी 'गृहीत धरू की चहा आला आहे' म्हणतात आणि शिपाई निमूट चहा आणायला जातो.

तर चौथ्या प्रकरणात एक उदाहरण होतं. त्यात क, ख आणि ग अशा तीन गाड्या होत्या, आणि ग ला पेटी रिकामी असल्याचं माहीत नाही असं ख ला वाटतं हे क ला माहीत होतं. एका गिऱ्हाइकानं पत्र पाठवलं की आमचे इंजिनिअर एकेचाळिसाव्या पानापर्यंत उत्साहानं येतात आणि तिथे झोपतात. साहेबांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "गृहीत धरू की हे उदाहरण जिवंत झालं आहे."

जिवंत माणसं माझ्याकडे दोनच होती. एक बायको आणि दुसरे सासरे. मी त्यांनाच उदाहरणात घातलं.

सासरे घड्याळजी. दुसऱ्या गावी त्यांचं दुकान, आणि सासूबाई गेल्यापासून दुकानाच्या वरच्या खोलीत ते एकटेच राहायचे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवसांकरता म्हणून आमच्याकडे आले, त्याला आता अडीच महिने झाले होते. हॉलमधल्या दिवाणावर झोपायचे, कारण छोट्या खोलीत अडगळ होती. आमच्या घरात तोवर तीन घड्याळं आणि तीन वेळा होत्या. स्वयंपाकघरातलं दहा मिनिटं पुढे, हॉलमधलं सात मिनिटं मागे आणि बेडरूममधलं कायमचं सव्वाचारवर. उशिरा घरी आलो की मी हॉलमधल्या घड्याळाचा आधार घ्यायचो. सासऱ्यांनी आठवडाभरात तिन्ही घड्याळांचं एकमत घडवून आणलं आणि मला घरात कोणी वाली उरला नाही.

तरी मला ते आवडायचे. संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बुद्धिबळ खेळायला बसायचो. दर तिसरा डाव ते मला जिंकू द्यायचे आणि वर "आज फसलो बुवा" असंही म्हणायचे. वडील लहानपणीच गेल्यामुळे कोणी मुद्दाम आपल्याशी हरतं म्हणजे काय, ते मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. त्यांनी जाऊच नये असं मला मनापासून वाटत होतं. फक्त ते बोलायची सोय नव्हती, कारण बायकोला ते जायला हवे होते.

आता हे मला कसं कळलं? पुराव्यानं कळलं. बायको फोनवर तिच्या बहिणीशी बोलत होती. मी पाणी प्यायला आत गेलो तर ती म्हणत होती, "अगं, पण किती दिवस असं चालायचं?" मला बघून ती बोलायची थांबली. दुसरा पुरावा असा की सासऱ्यांचे इस्त्रीचे कपडे ती कपाटात न ठेवता त्यांच्या बॅगेवर ठेवायची. सासऱ्यांच्या बाबतीतही पुरावा होताच. जिन्यात शेजाऱ्यांना ते सांगत होते, "मुलीचा संसार आहे, आपण किती दिवस मध्ये बसायचं?" म्हणजे त्यांनाही जायचंच होतं.

हे सगळं मी अंतर्यामीत भरलं. नवरा, बायको, सासरे. नवऱ्याला वाटतं सासऱ्यांनी राहावं. बायकोला वाटतं त्यांनी जावं. सासऱ्यांना वाटतं आपण जावं. बटण दाबल्यावर स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'विसंगती नाही.' त्याखाली निष्कर्ष होता: 'विषय कोणीही काढणार नाही.'

मला त्या दोघांची फार कीव आली. बिचारी बायको, बापाला जा कसं म्हणणार? बिचारे सासरे, लेकीला जातो कसं म्हणणार? घरात समजूतदार असा मी एकटाच होतो. (ह्या वाक्याला पुढे अंतर्यामीचा कसलाही आधार मिळाला नाही.) मी माझी इच्छा बाजूला ठेवली आणि सासऱ्यांचं परतीचं तिकीट काढलं. शनिवार, दुपारी बाराची बस, खिडकीची जागा, तीही उन्हाच्या उलट बाजूची.

पण ते द्यायचं कोणी? मी दिलं तर जावयानं घालवलं असं होणार. बायकोनं दिलं तर लेकीनं घालवलं असं होणार. अंतर्यामीला विचारलं तर त्यानं सुचवलं, देणारा अज्ञात राहिल्यास दोष कोणावरही जात नाही. मला हे एकदम पटलं. मी तिकीट गुपचूप सासऱ्यांच्या चष्म्याच्या घरात ठेवलं.

सोमवारी जेवताना सासरे म्हणाले, "शनिवारी निघावं म्हणतो."

बायकोचा हात वाढता वाढता थांबला. "का हो, बाबा?"

"दुकान बंद आहे ना. कुलपाला गंज चढेल."

"कुलपाला?"

"जुनं कुलूप आहे."

ती माझ्याकडे बघायला लागली. आता माझी साथ हवी आहे हे ओळखून मी म्हणालो, "बरोबर आहे. कुलपाची काळजी घ्यायला हवी."

ह्यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी कृतज्ञता म्हणून अंतर्यामीत नोंदवलं.

पुढचे दोन दिवस घर गप्प होतं. बायको घरी बसून मुद्रितं तपासायचं काम करते. तिचं लाल पेन टोपण न लावता टेबलावर तसंच पडलेलं असायचं, आणि असं मी लग्नानंतर कधीच पाहिलेलं नव्हतं. एकदा ती स्वयंपाकघरात डोळे पुसताना दिसली. मी ऑफिसात जाऊन तेही भरलं: बायको दुःखी आहे. त्याचं कारणही मीच भरलं: सुटल्यासारखं वाटतंय म्हणून तिला अपराधी वाटतं. विसंगती नाही. सासरे त्या दोन दिवसांत एकही डाव हरले नाहीत. तेही भरलं. विसंगती नाही. माझं उदाहरण दिवसेंदिवस इतकं छान रंगत गेलं की तिकिटाचा प्रसंगही मी त्यात घातला. (नम्रपणे 'तिकीट काढले जाते' असं लिहिलं.) गुरुवारी सकाळी चौथं प्रकरण मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

तुम्ही म्हणाल, बायको मुद्रितं तपासते, तर मग तुमच्या मॅन्युअलची कोण तपासतं? तीच तपासते. ते काम तिला मीच मिळवून दिलं होतं. पण चौथं प्रकरण तिनं गेल्या महिन्यातच तपासून दिलं होतं आणि आता ती सातव्यावर होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. बदललेलं प्रकरण पुन्हा तपासायला जातं असा आमच्या ऑफिसचा नियम आहे. तो भिंतीवर लावलेला आहे. अक्षर माझं आहे.

शुक्रवारी घरी आलो तर छोट्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बापलेकींचं बोलणं ऐकू येत होतं आणि मध्येच दोघं खळखळून हसली. शेवटची संध्याकाळ आहे, जुन्या आठवणी काढत असतील, असं समजून मी पाय न वाजवता बाल्कनीत गेलो आणि एकट्यानंच पट मांडला. दोन्ही बाजूंनी खेळूनही मी हरलो.

शनिवारी सकाळी सासरे घड्याळाला किल्ली देत होते. मी बूट घालता घालता म्हणालो, "येतो मी, बाबा."

"या, जावईबापू. सावकाश जा."

"तब्येतीला जपा."

"तुम्हीही जपा," ते म्हणाले आणि गालातल्या गालात हसले. केवढा धीराचा माणूस, असं मला वाटलं. बायको तर चक्क गुणगुणत होती. मी पाच पायऱ्या उतरल्यावर तिथेच रेलिंगला धरून थोडा वेळ उभा राहिलो आणि मगच ऑफिसला गेलो.

सव्वाअकराला साहेबांनी बोलावलं. समोर चौथं प्रकरण होतं आणि एकेचाळिसावं पान लालेलाल झालं होतं. ते अक्षर मी ओळखलं.

"ह्या बाईंनी ह्या वेळी ऱ्हस्वदीर्घाची एकही चूक काढलेली नाही," साहेब म्हणाले. "सगळ्या दुरुस्त्या आशयाच्या आहेत. ऐका. एक. 'बायकोला वाटतं सासऱ्यांनी जावं.' चूक. आधार काय?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"दोन. फोनवरचं वाक्य अर्धवट दिलं आहे. पूर्ण वाक्य असं: 'किती दिवस असं चालायचं? बाबांना दिवाणावर नीट झोप लागत नाही. छोटी खोली त्यांना द्यावी असं मनात आहे, कायमचीच, पण ह्यांना कसं विचारू?' तीन. इस्त्रीचे कपडे बॅगेवर ठेवले जातात, कारण कपाटाचे चारही कप्पे नवऱ्याच्या कपड्यांनी भरलेले आहेत. चार. सासरे शेजाऱ्यांना म्हणाले ते खरं, पण त्यापुढे 'राहायला मिळालं तर कोणाला नको आहे' असंही म्हणाले. नवरा तोवर जिना उतरून गेला होता." साहेबांनी चष्मा काढला. "गृहीत धरू की ही बायको खरी आहे."

"साहेब, ती माझीच आहे."

साहेबांनी हे नवीन माहिती म्हणून स्वीकारलं. "मग तुम्ही हे भरलंत कुठे? 'बायकोला वाटतं' ह्या रकान्यात? अहो, हे तर 'बायकोला असं वाटतं असं मला वाटतं' ह्या रकान्यात यायला हवं. ह्या दोन रकान्यांची गल्लत करू नये असं दुसऱ्या प्रकरणात ठळक अक्षरांत लिहिलंय. कोणी लिहिलंय ते?"

"मीच," मी म्हणालो. "पण तो दुसरा रकाना उघडायला एक क्लिक जास्त करावी लागते."

"पाच," साहेब पुढे वाचू लागले. "'तिकीट काढले जाते.' कोणी काढलं? कर्ता स्पष्ट करावा."

इथे माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बायकोला ते राहायला हवे होते, सासऱ्यांना राहायचं होतं, मला तर ते हवेच होते, आणि ह्या तिघांच्या संमतीनं सासरे पाऊण तासात बसमध्ये बसणार होते. साहेब सहावी दुरुस्ती वाचायला लागले तोवर मी जिन्यात होतो.

घरी फोन लावला तर कोणी उचलेना. म्हणजे पोचवायला ती गेली असणार. स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही, बसस्थानकावर बारा वाजायला सात मिनिटं असताना पोचलो. समोर अकरा बसेस उभ्या, प्रत्येकीच्या खिडकीत माणसं. एकेक बस शोधत बसलो तर सासरे गावाला पोचून कुलपाचा गंज काढायला लागले असते. तेव्हा मला पाचवं प्रकरण आठवलं. जाहीर घोषणा. सगळ्यांच्या देखत एकदाच बोलायचं, म्हणजे ते सगळ्यांना कळतं आणि सगळ्यांना कळलंय हेही सगळ्यांना कळतं. आमच्या गाड्यांचा गोंधळ ह्याच उपायानं सुटतो. मी चौकशीच्या खिडकीकडे धावलो.

आतल्या बाईंनी वर न बघता विचारलं, "काय हरवलंय?"

"सासरे."

"वय?"

"अठ्ठ्याहत्तर. पण ते हरवलेले नाहीत. मीच पाठवलंय त्यांना."

"मग?"

"परत हवेत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "वीस वर्षं ह्या खिडकीत बसतेय," त्या म्हणाल्या, "असं पहिल्यांदाच ऐकते. पण नियमात फक्त हरवलेली माणसं आणि सामान बसतं. तुमचं तुम्हीच बोला. अर्धं मिनिट देते." आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "बाराच्या गाडीनं निघालेले घड्याळजी सासरे, कृपया खाली उतरा. तुमच्या मुलीला तुम्ही कायमचे राहायला हवे आहात. मलाही हवे आहात. तिला वाटत होतं मला चालणार नाही, मला वाटत होतं तिला चालणार नाही आणि तुम्हाला वाटत होतं कोणालाच चालणार नाही. तिघांचंही चुकत होतं. तिकीट मी काढलं होतं. आणि बाबा, तुमच्याशिवाय माझ्याशी बुद्धिबळ कोणी खेळत नाही."

बसस्थानक गप्प झालं. एका ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मग बाराच्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन उतरले. त्यांच्यामागून आणखी एक उतरले. शेजारच्या गाडीतून तिसरे उतरले, त्या गाडीचा खरं तर काही संबंध नव्हता. त्यांतले एकही माझे नव्हते. तिघं खिडकीपाशी येऊन उभे राहिले आणि त्यांतल्या एकानं हळूच विचारलं, "कोणाच्या मुलीला म्हणालात?"

त्यांना काय सांगायचं? मी तिघांची माफी मागितली. तिघांना परत गाडीत बसवून दिलं, एकाची पिशवी वर ठेवून दिली. सासऱ्यांची खिडकीजवळची जागा रिकामी होती. बस त्या रिकाम्या जागेसकट निघून गेली.

जड पायांनी घरी आलो. दार उघडंच होतं. छोट्या खोलीत सासरे स्टुलावर उभे राहून भिंतीत खिळा ठोकत होते आणि बायको खालून घड्याळ धरून उभी होती. खोलीत पलंग लावलेला होता. त्याचा एक पाय आखूड होता म्हणून त्याच्याखाली घडी घालून काहीतरी सरकवलं होतं. वाकून पाहिलं, तर ते तिकीट होतं.

"बाबा, तुम्ही गेला नाहीत?"

"कुठे?" सासरे म्हणाले.

"अहो, मी फोन केला होता," मी बायकोला म्हणालो. (घाबरलो की मी तिला अहोजाहो करतो.)

"पलंग आणत होतो आम्ही. आणि तुम्ही ह्या वेळेला घरी कसे?"

मी बसस्थानकाचं सगळं सांगितलं. माईक, घोषणा, ते तीन म्हातारे. ती ऐकता ऐकता पलंगावर बसली. सासऱ्यांनी हातोडी खिशात घातली आणि चष्मा पुसायला घेतला.

"काल संध्याकाळी तुमचं ते प्रकरण वाचलं मी," ती म्हणाली. "तोवर मला वाटत होतं की तिकीट बाबांनीच काढलंय. मग मी त्यांना विचारलं, तिकीट तुम्ही काढलंत का? तर ते म्हणाले, नाही गं, मला वाटलं तू काढलंस. संपलं. एवढंच बोलणं झालं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं की, लेखी. सहावी दुरुस्ती काय होती?"

मी बूट काढायला वाकलो.

"'सासरे कुठेही जात नाहीत, ते इथेच राहणार आहेत. नवऱ्यानं येताना चार खिळे आणावेत.' शेवटपर्यंत वाचायचं तरी."

"साहेबांनी पाचपर्यंतच वाचलं," मी म्हणालो.

"साहेब नाही थांबले," सासरे स्टुलावरून म्हणाले, "जावईबापू निघाले." आणि त्यांनी उरलेल्या एका खिळ्याकडे बघून सुस्कारा सोडला. मी परत खाली जाऊन चार खिळे घेऊन आलो. संध्याकाळी बाल्कनीत आम्ही तीन डाव खेळलो. बायको लाल पेनाला टोपण लावून शेजारी येऊन बसली होती. तिन्ही डाव मीच जिंकलो. इतकं हरायची गरज नव्हती, पण मला फार बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला बोलावून नव्या आवृत्तीचं एकेचाळिसावं पान दाखवलं. उदाहरण पसंत पडलं होतं. बायको होती, सासरे होते, तिकीट होतं. नवरा नव्हता.

"तपासणाऱ्या बाईंनी समासात एक सूचना केली होती," साहेब म्हणाले. "गृहीत धरू की नवरा नाही. मग आम्ही त्याला काढून सगळं परत चालवून पाहिलं."

"आणि निष्कर्ष बदलला?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

"छे. सासरे राहतातच. फक्त ते शुक्रवारऐवजी आधीच्या सोमवारी जेवतानाच ठरतं."